गौस सर पायांकडे बघायचे

बाबा मला लातूरला सोडायला आले, तेव्हा गौस सरांच्या दाराला त्यांनी हातही लावला नव्हता. आम्ही फाटकातून आत येऊन ओट्यापर्यंत पोचलो होतो फक्त. आतून आवाज आला, "कोण, सुधाकर काय? उजवा पाय अजून घासूनच राहिलाय तुझा!"

बाबा त्या घरी पंचवीस वर्षांनी येत होते. नांदेडच्या ऑफिसात ज्यांना सगळे 'साहेब' म्हणतात, ते माझे बाबा शाळेतल्या मुलासारखे लाजले आणि पाय उचलून टाकत आत गेले.

सर लातूरच्या एका कॉलेजात खेळाचे शिक्षक होते; बाबा तिथेच शिकले. फुटबॉल शिकवायचे, रेफ्री म्हणूनही उभे राहायचे. मी बारावीच्या क्लाससाठी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आले तोवर निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. ते माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नसत. पायांकडे बघत आणि बोलत. दूधवाला, पोस्टमन, नात्यातली माणसं, सगळ्यांना ते चालण्यावरून ओळखत. "चेहरा खोटं बोलतो बेटा. पाय कधी खोटं बोलत न्हाईत," असं म्हणत. मला कुणी तोंडाकडे टक लावून बघितलं की बोलणं सुचत नाही, म्हणून मला त्यांचं ते बघणं बरं वाटायचं.

लातूरभर तेव्हा क्लासवाल्यांचे फलक लागलेले असत. त्यांवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे ओळीनं फोटो. सर त्यांच्याखालून जाताना वर बघून म्हणत, "नुसतीच मुंडकी. एवढी पोरं, पण पाय एकाचेही न्हाईत." ते गमतीनं म्हणत. तरी पुढे कितीतरी दिवस मला त्या फलकांखालून एकटीनं जाववत नसे.

त्यांच्या स्वयंपाकघरात, फळीच्या टोकाला, स्टीलचे सहा ग्लास एकावर एक उलटे रचून ठेवलेले असत आणि सगळ्यात वर काचेची एक गोटी. भूकंपानंतर लातुरातल्या घराघरांत अशी काही ना काही उतरंड असायची म्हणे. जमीन हलली की ती पडणार, आवाज झाला की माणसं बाहेर पळणार. बाकीच्यांनी ती कधीच काढून टाकली. सरांच्या बायकोनं, तिला मी खाला म्हणायचे, मात्र रोज पुसून पुन्हा रचायचा नेम सोडला नव्हता. दिव्याचं बटण दाखवावं तसं पहिल्या दिवशी तिनं मला ते दाखवलं. "हे पडलं की पळायचं. चपला शोधायच्या न्हाईत."

मी तिथे असताना ते दोनदा पडलं. एकदा मांजरीनं पाडलं. दुसऱ्यांदा आम्ही तिघंही दुपारी जेवत होतो आणि फळीजवळ कुणीच नव्हतं. सर ताटावरून उठून अनवाणी अंगणात गेले, वाकून मातीवर तळहात टेकला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"भूकंप आहे का, सर?" मी दारातूनच विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "कुणीतरी पळून राहिलंय."

मला वाटलं, गल्लीतली मुलं. मी फाटकाबाहेर डोकावून पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं.

रोज पाच वाजता सर मैदानावर जात. मैदान अर्धंच उरलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर एका मोठ्या क्लासची चार मजली इमारत उभी होती. सरांना त्याचं काही नव्हतं. ते जुन्या रेषेवरूनच चालत. गाड्यांच्या पार्किंगमधून, झेरॉक्सच्या दुकानामागून, जिन्याखालून. वॉचमन त्यांना लांबून बघून साखळी खाली सोडायचा. इमारतीच्या आत, जिथे ॲडमिशनचं काउंटर होतं, तिथे ते क्षणभर थांबत आणि त्या जागेला वळसा घालून पुढे जात. रांगेतले पालक त्यांच्याकडे बघत राहत.

"तिथं काय होतं, सर?" मी एकदा विचारलं.

"पेनल्टीची जागा. तिच्यावर उगं पाय देऊ नये."

त्या वर्षी जुन्या खेळाडूंनी मिळून एक कार्यक्रम ठरवला होता. नांदेड-लातूरकडच्या फुटबॉलचा इतिहास सांगणारी स्मरणिका काढायची आणि हयात असतील त्या खेळाडूंचा सत्कार करायचा. लिहायचं काम सरांकडे आलं. सर बोलायचे आणि मी मोबाईलवर टाइप करायचे. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे माझं मराठी लिहिणं कच्चं. सर प्रत्येक पान वाचून दुरुस्त करत. पण सांगायला लागले की त्या माणसांचा काळ त्यांच्या तोंडी वर्तमानकाळ होऊन जाई.

"लिही. हदगावचा नामदेव. कापसाच्या ट्रकवर बसून मॅचला येतो. बूट न्हाई, पायाला सुतळी गुंडाळतो. दोन्ही पायांनी मारतो." किंवा, "नांदेडचे रहीम टेलर. सेंटर फॉरवर्ड. सगळ्या टीमचे शर्ट स्वतः शिवतात. हरलेल्या टीमचेही. फायनल संपली की उसवलेल्या बाह्या तिथंच बसून शिवून देतात." किंवा, "माहूरचा वसंता. देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा. हेडिंग असं मारतो की कपाळावरचं कुंकू चेंडूला लागतं. समोरचा गोलकीपर त्या चेंडूला हात लावायला भितो."

"हे आता कुठे असतात?" मी विचारलं तर सर बोटानं जमिनीकडे तरी दाखवत, नाहीतर गावाचं नाव सांगत. दोन्ही सारख्याच आवाजात.

निजामाच्या वेळेपासूनची अशी चाळीसेक पानं झाली. एका पानावर मात्र सर अडले. भूकंपाच्या वर्षी लातूरच्या कॉलेजच्या मुलांनी नांदेडला फायनल जिंकली होती, त्या टीमचं पान. दहा नावं त्यांनी सांगितली. अकरावं सांगेनात. "गोलकीपरची जागा मोकळी सोड," म्हणाले. छापायला द्यायची वेळ आली तरी ती मोकळीच.

शेवटी एका दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. अंगणातल्या बाजेवर बसून, माझ्या पायांकडे बघत.

स्पर्धा एकोणीस वर्षांखालच्या मुलांची होती. सरांचा गोलकीपर दिगंबर दोन महिन्यांनी मोठा ठरत होता. तेव्हा असं सर्रास चाले, दुसऱ्याच्या नावावर खेळवायचं. सरांनी कॉलेजचं रजिस्टर चाळून वयात बसणारा एक मुलगा शोधला. बालाजी. नुकताच खेड्यावरून अकरावीला आलेला, खोलीतून फारसा बाहेर न पडणारा. सर हॉस्टेलवर गेले. मुलगा पलंगावर बसला होता. सरांनी बोनाफाईड मागितलं, त्यानं पेटीतून काढून दिलं. "घ्या सर," एवढंच बोलला.

"बसूनच दिलं," सर म्हणाले. "सर दारात उभे आणि पोरगं उठत न्हाई. मला राग आला. मनात म्हटलं, तमीज न्हाई. कागद घेतला आणि निघालो."

मग ओळखपत्र तयार झालं. नाव बालाजीचं, फोटो दिगंबरचा. फोटोला डिंक सरांनीच लावला. नांदेडला शेवटच्या मिनिटाला दिगंबरनं पेनल्टी अडवली आणि पेपरात टीमचा फोटो आला. खाली छापलं होतं : गोलरक्षक बालाजी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भूकंप झाला. बालाजी गणपती बुडवायला म्हणून गावी गेला होता. तो आणि त्याचे वडील, दोघंही घराखाली गाडले गेले. पेपरवाल्यानं मृतांच्या यादीतलं नाव ओळखलं आणि टीमच्या फोटोतून तो चेहरा कापून मोठा छापला. एक होतकरू गोलरक्षक गेला म्हणून.

कॉलेजात शोकसभा झाली. टेबलावर हार घातलेला फोटो दिगंबरचा होता, आणि दिगंबर तिसऱ्या रांगेत मान खाली घालून उभा होता.

"दोन मिनिटं शांतता," सर म्हणाले. "सगळे त्याच्यासाठी उभे. तोही स्वतःसाठी उभा. शेजारचं पोरगं त्याच्याकडं बघून थरथर कापायला लागलं. मी बोललो असतो तर कप गेला असता, नोकरी गेली असती. त्या दिवसांत कोण कुणाला काय विचारतंय? मी शिट्टी खिशात दाबून धरली आणि गप्प राहिलो."

दिगंबर त्यानंतर कधी गोलमध्ये उभा राहिला नाही. बाहेरगावच्या मैदानावर गेला की लोक दचकत. हदगावच्या बाजारात एका चहावाल्यानं त्याचा दंड चाचपून पाहिला होता म्हणे. "अरे, तू तर मेलास ना?"

आता दिगंबर क्लासच्या मुलांसाठी मेस चालवायचा. दोन दिवसांनी तो स्वतःच सरांकडे आला. जाड, हसरा माणूस. हाताला कणकेचा वास.

"सर, पोरीला म्हनलं, तुझा बाप फायनल जिंकून आलाय. ती म्हनली, मंग पेपरात मेलेल्याचं नाव कसं? एवढंच करा सर. पुस्तकात माझं नाव टाका. म्या मेलो न्हाई."

"आणि ते लेकरू? त्याचं दुसरं कुठं नाव हाय?" सर म्हणाले. "त्याची माय हाय अजून. तिला न विचारता मी न्हाई छापणार."

"मंग विचारा की. मी बी येतो."

रविवारी दिगंबरच्या टेम्पोतून निघायचं ठरलं. एकट्या बाईच्या घरी दोन पुरुष कसे जाणार, म्हणून खाला येणार होती. तिचा गुडघा सुजला, तेव्हा तिनं मला पाठवलं. "तू नुसती बसून राहा," म्हणाली. तेवढं मला जमण्यासारखं होतं.

जुनं गाव रस्त्यावरून दिसलं. म्हणजे वेड्या बाभळी दिसल्या आणि त्यांच्यामधून कुठे कुठे दगडांचे ढीग. नवं गाव पुढे दोन-तीन किलोमीटरवर. सरळ रस्ते, सारखी घरं, घरांवर नंबर. घराघरात इतकं अंतर की माणसं एकमेकांना हाका मारत नसावीत. भर सकाळी कुठे आवाज नव्हता. सर टेम्पोतून उतरून म्हणाले, "चुन्याच्या फक्कीनं मैदान आखल्यासारखं हाय." दिगंबर हसला नाही.

बालाजीच्या आईचं नाव गयाबाई. भूकंपाच्या वेळी त्या मुखेडला भावाकडे होत्या, म्हणून वाचल्या. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, सतरंजी टाकली.

"बाई, मी बालाजीच्या कॉलेजातला. गौस," सर म्हणाले.

"म्हाईत हाय. पेपरातल्या फोटूत कडंला हुबे व्हते की तुमी."

मग मी भिंतीकडे पाहिलं. एका ओळीत तीन तसबिरी होत्या, तिन्हींना हार. पहिली पेपरातल्या कात्रणाची. पिवळी पडलेली, पण चेहरा स्पष्ट. आमच्याबरोबर आलेल्या माणसाचा, एकोणीस वर्षांचा. दिगंबरनं तिच्याकडे पाहिलं आणि गुडघे पोटाशी घेऊन बसला.

दुसरी त्याच फोटोवरून रंगवून घेतलेली. शर्ट तोच, पण हनुवटीवर तीळ आला होता आणि डोळे बारीक झाले होते. तिसरी अलीकडची, फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेली. तिच्यात नाक वेगळं, भुवया जुळलेल्या, गाल बसलेले. शर्ट गोलकीपरचाच, पण मुलगा खुर्चीवर बसलेला. पहिल्या तसबिरीकडून तिसरीपर्यंत नजर नेली की एक माणूस हळूहळू दुसरा होत गेलेला दिसत होता.

"मावशी," दिगंबर एकदम बोलायला लागला. "म्या बालाजीसंगं व्हतो. लई भारी खेळायचा तो. नांदेडला पेनल्टी झाली तवा समदं मैदान चिडीचूप. समोरच्यानं मारला उजवीकडं, अन् बालाजीनं अशी उडी घेतली..."

त्याला स्वतःचं नाव परत हवं होतं, त्यासाठी तो एवढ्या लांब आला होता. आणि आता तो स्वतःची उडी दुसऱ्याच्या नावावर मोजून देत होता. मी सरांकडे पाहिलं. सर सतरंजीकडे बघत होते.

"थांब," गयाबाई म्हणाल्या. "कशाला लबाड बोलतूस? बाळूच्या डाव्या पायात पोलिओ व्हता. गुडघ्यावर हात दाबल्याबिगर पाऊल उचलत न्हवतं त्येचं. त्यो कुठली उडी घेतूय?"

उडी दाखवायला उचललेला हात दिगंबरनं खाली घेतला.

"आमचं समदं गाडलं गेलं," त्या सांगत राहिल्या. रागानं नाही, कामाचं सांगावं तसं. "त्येचा एक फोटू ऱ्हायला न्हाई. पेपरात नाव त्येचं अन् तोंड दुसऱ्याचं. म्या म्हनलं, असू दे, हाच फोटू दुरुस्त करून घेऊ. लातूरला दवाखान्याला गेले की फोटूवाल्याकडं जायाची. तीळ सांगितला, नाक सांगितलं. आता आलाय बराचसा. कान तेवढे त्या पोराला जमले न्हाईत." त्या दिगंबरकडे वळल्या. "ते तुझेच हाईत. दारात आलास तवाच वळखलं."

दिगंबरचा हात आपोआप कानाकडे गेला.

सर सतरंजीकडे बघतच बोलले. "बाई, मी कागद मागायला गेलो, तो उठला न्हाई. मी रागावलो होतो त्याच्यावर. आयुष्यभर पोरांचे पाय बघितले. त्याचे बघितले न्हाईत. कागद बघितला."

"उठायला त्येला येळ लागायचा," त्या म्हणाल्या. "तुमाला घाई व्हती आसंल."

चहा झाला. त्यांनीच विषय काढला. "पुस्तकाचं इचारायला आलात न्हवं? नाव ज्याचं त्येला द्या. म्या रोज ऐकते. दिवस कलला की त्या बाभळीकडनं पळाल्याचा आवाज येतूय. एक पाय धड पडतूय, एक घसटत. शेजारीन म्हनती कुत्री हाईत. कुत्र्याला काय चार पाय नसतात? बावीस वर्सं झाली. पेपरात खेळाडू म्हनून छापलंय, मंग पळावंच लागत आसंल त्येला. दमला आता त्यो. माझ्या लेकराला खाली बसू द्या, सर."

सरांनी मान वर केली आणि तिसऱ्या तसबिरीतल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. निघायची वेळ झाली तरी बघत होते. परत येताना जुन्या गावाजवळ दिगंबरनं गाडीचा वेग कमी केला. सर म्हणाले, "थांबू नको." मी काच वर घेतली होती. मला काही ऐकू आलं नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकते. ऐकायचा प्रयत्नही केला नव्हता.

त्या संध्याकाळी सरांनी ते पान पुरं केलं. गोलकीपर दिगंबर. त्याखाली सरांनी स्वतःच्या नावानं चार ओळी सांगितल्या. ओळखपत्र मी बनवलं, फोटो मी चिकटवला, चूक मुलांची नाही. मग म्हणाले, "राखीव खेळाडू लिही." चार नावं सांगितली आणि शेवटी पाचवं, बालाजी.

"पण सर, तो टीममध्ये..."

"राखीव खेळाडू बाकावर बसतो बेटा," ते म्हणाले. "त्याला पळावं लागत न्हाई."

कार्यक्रम माझ्या परीक्षेनंतर झाला. नंतर मी नांदेडला परत गेले आणि सरांची भेट झाली नाही. वर्षभरानं सर गेल्याचा खालाचा फोन आला तेव्हा बाबा एकटेच जाऊन आले. म्हणून तो कार्यक्रमच माझ्यासाठी शेवटचा.

हॉल भरला होता. काठ्या टेकत आलेले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आलेले, एक तर चक्क जुने बूट घालून आलेला. नाव पुकारलं की खेळाडूनं किंवा घरच्या कुणी उभं राहून 'हाजिर' म्हणायचं, असं ठरलं होतं. सर स्टेजवर उभे राहून यादी वाचत होते. भूकंपाच्या वर्षीचं पान आलं तेव्हा त्यांनी ओळखपत्राची गोष्ट सगळ्यांसमोर सांगून टाकली. मग मागून एक टक्कल पडलेले गृहस्थ उठले. त्या फायनलमधले नांदेडचे कॅप्टन.

"म्हणजे सर, ती फायनल आम्हीच जिंकलो की!"

"हौ. जिंकलात. कप माझ्या घरी हाय, उतरंडीशेजारी. जाताना घेऊन जा."

"राहू द्या तिथंच. आमच्या हिला घासायला नको!" सगळे हसले.

"गोलकीपर, दिगंबर," सरांनी वाचलं. दिगंबर बसूनच राहिला. त्या पानावर आपलं नाव ऐकायची त्याला सवयच नव्हती. मुलीनं ढोसलं तेव्हा तो उठला, आणि 'हाजिर' म्हणताना रडला.

गयाबाई पहिल्या रांगेत होत्या. दिगंबरनंच त्यांना टेम्पोतून आणलं होतं. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी हात ठेवला होता आणि जागा मागायला आलेल्या दोघांना 'न्हाई' म्हणून परत पाठवलं होतं.

सर राखीव खेळाडू वाचायला लागले. पहिला हाजिर. दुसऱ्याचा भाऊ हाजिर. तिसरा, चौथा. मग ते थांबले, चष्मा पुसला.

"बालाजी."

गयाबाई उठल्या नाहीत. खुर्चीवरचा हातही काढला नाही.

"हाय," त्या म्हणाल्या. "बसलाय."

सरांनी खिशातून पेन काढलं, नावासमोर खूण केली आणि पान उलटलं.